दत्ता, लाडू तू खाल्ले नव्हतेस

दत्ता, कावळ्याने तुझं नाव कायमचं घालवलं.

दहाव्याला किहीमच्या समुद्रावर, सुरूंच्या सावलीत पान मांडलं होतं. भाताचा पिंड, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि तुझ्या लेकीने, मनीषाने आठवणीने ठेवलेला बेसनाचा एक लाडू. कावळे सुरूंवर बसून बघत होते, खाली उतरत नव्हते. कुणी म्हणालं, आईला सांभाळीन म्हणावं. मनीषाने हात जोडून तसं म्हटलं. कुणी म्हणालं, नव्या खोलीचं काम पुरं करू म्हणावं. जावयाने तेही म्हटलं. मग एक कावळा उतरला. भाताला वळसा घालून, बिरड्याकडे ढुंकूनही न बघता तो सरळ लाडवापाशी गेला आणि अर्धा लाडू चोचीत धरून उडाला. जमलेले सगळे रडता रडता हसले. वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघा, जाताना पण डब्यातला उचललाच."

मला हसता आलं नाही. तू लाडवाला हात लावत नव्हतास हे त्या गर्दीत मला एकट्याला ठाऊक होतं. कितीतरी वर्षं तू घरात, आळीत, डॉक्टरांच्या दवाखान्यात लाडूचोर म्हणून ओळखला गेलास, आणि ती चोरी तुझ्या माथी लागली ती माझ्यामुळे. आता कावळ्यानेही साक्ष दिली. म्हणून हे लिहायला बसलो. तुझी तारीफ करायला नव्हे, ती लोकांनी भरपूर केली. फक्त लाडवांचा निकाल लावायचा आहे.

तुझ्यामाझ्यात मी शिकलेला समजला जायचो. खतांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर काचेच्या नळ्या धुतल्या आणि भरल्या, तेवढ्यावर आळीतले लोक मला विज्ञानातलं विचारायचे. तू वडिलांची माडांची वाडी राखलीस आणि पुढे तिच्यात मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यास. मी निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी तुझ्या ओट्यावर येऊन बसायला लागलो आणि तुला रोज काहीतरी समजावून सांगायला लागलो. तू ऐकून घ्यायचास. तुझ्याएवढं ऐकून घेणारा माणूस मला पुन्हा मिळाला नाही, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

शुक्रवारी मांडव्याच्या बोटीने पाहुणे यायचे, रविवारी जायचे. मागे टॉवेल राहायचे, चार्जर राहायचे आणि वाईनच्या अर्ध्या-पाऊण बाटल्या राहायच्या. चार्जर तू पत्ता शोधून परत पाठवायचास. उरलेल्या साबणाने वाडीतली बादली धुवायचास. तुझ्या घरातून काही वाया जात नसे. बाटल्यांचं मात्र काय करावं ते तुला कळत नव्हतं. लग्नात वहिनीच्या वडिलांनी तुझ्याकडून शब्द घेतला होता की दारूला शिवायचं नाही, कारण वहिनीच्या थोरल्या बहिणीचा संसार दारूने बुडाला होता. दारात एवढे माड असून तू माडीसुद्धा चाखली नव्हतीस.

त्यात तुला मधुमेह निघाला. तू गोड सोडलंस, आणि तू सोडलंस म्हणजे खरोखर सोडलंस. वहिनीचे बेसनाचे लाडू तुझा जीव की प्राण. निघताना प्रत्येक पाहुण्याला ती दोन लाडू बांधून द्यायची, त्यामुळे लाडवांचा डबा घरात बारा महिने भरलेला. तू त्या डब्याकडे पाठ करून बसायला लागलास. संध्याकाळ बेचव झाली म्हणायचास.

मग एका रविवारी ती चष्मेवाली बाई आली. ओट्याच्या टोकाला बसून मैत्रिणीला सांगत होती की ही रेड आहे, ड्राय आहे, हिच्यात साखर जवळजवळ नसतेच. मैत्रीण म्हणाली, मला तर गोडसर लागते. त्यावर बाई म्हणाली की तो फळाचा स्वाद, फळाचा स्वाद वेगळा आणि साखर वेगळी. बाईचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मी ते चोरून ऐकलं आणि त्याच्यावरून एक नियम बनवला. तांबडी ती कोरडी, पांढरी ती गोड. संध्याकाळी तो नियम मी तुला माझ्या प्रयोगशाळेच्या आवाजात सांगितला.

"दारू नाय ना ही?" तू विचारलंस.

"द्राक्षाचा रस. आंबवलेला."

"म्हंजे दारूच."

"इडली पण आंबवलेलीच असते."

तू माडांकडे बघत जरा विचार केलास आणि आत जाऊन स्टीलची दोन फुलपात्रं घेऊन आलास. वहिनीला विचारू का, म्हणालास. मी म्हटलं, विचार. तू विचारलं नाहीस. फुलपात्रात ती कोकमाच्या सरबतासारखी दिसायची, आणि कोकम सरबत प्यायला तुला डॉक्टरांनी बंदी केली नव्हती, फक्त बिनसाखरेचं घ्या म्हणाले होते.

पहिला घोट घेतल्यावरचा तुझा चेहरा मी विसरणार नाही. जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली तुझी. एवढी कडू आहे म्हणजे औषधी असणार, असं म्हणून तू ती संपवलीस. पांढऱ्या बाटल्या मात्र माझ्या नियमामुळे आपण माडाच्या बुंध्यात ओतायचो. किती चांगल्या, कोरड्या खडखडीत वाईन त्या माडांनी प्यायल्या असतील, देव जाणे. त्या ओळीतला कोपऱ्यातला माड वाकडा वाढला त्याचं कारण तू पाहुण्यांना वेगळं सांगायचास.

पुढे कुणीतरी पोर्ट नावाच्या वाईनची बाटली जवळजवळ भरलेली ठेवून गेलं. तांबडीलाल, काळपट. तू घोट घेतलास, थांबलास, परत घेतलास. आणि म्हणालास, "गजा, ही गोड हाय."

आता मी जे बोललो ते इथे लिहितो, म्हणजे लिहून होईल. मी म्हणालो, "गोड लागणं वेगळं आणि गोड असणं वेगळं. तो फळाचा स्वाद."

तू मान डोलावलीस. तुझ्या जिभेने तुला खरं सांगितलं होतं, पण तू तिच्याऐवजी माझ्यावर विश्वास ठेवलास. त्या दिवसापासून तुझ्या संध्याकाळी परत गोड झाल्या. ते सुख मी डोळ्यांनी पाहिलं. फुलपात्र दोन्ही हातांत धरून तू असा बसायचास जसं कुणीतरी तुला एखादी हरवलेली वस्तू परत आणून दिली आहे. पाहुण्यांच्या उरलेल्या बाटल्या पुरेनात तेव्हा मीच अलिबागहून पोर्ट आणायला लागलो. रेवदंड्याला बहिणीकडे जातो सांगून निघायचो आणि परतीला पिशवीत खाली बाटली, वर सुके बोंबील. बोंबलांच्या वासामुळे पिशवीत कुणी हात घालत नसे.

पावसाळा उलटला आणि तुझी साखर वर गेली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? तू खरंच काही खात नव्हतास, त्यामुळे तुला उत्तर सुचेना. वहिनीला सुचलं. ती म्हणाली, लाडू खातात, डबा खाली जातोय, मी बघतेय. डॉक्टरांनी तुझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो, तू माझ्याकडे पाहिलंस, आणि म्हणालास, "हो. खाल्ले."

तेव्हा मला वाटलं की तू वाईन लपवतोयस. वाईनने साखर वाढली असेल हे तुझ्या डोक्यात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. माझा नियम अजून शाबूत होता.

तो मोडला मुंग्यांनी. एका संध्याकाळी तुझा धक्का लागून पोर्ट ओट्याच्या कठड्यावर सांडली. दुसऱ्या दिवशी आलो तर त्या डागावर मुंग्यांची ही गर्दी, तिथपासून थेट माडापर्यंत रांग. त्याच्या शेजारी आदल्या आठवड्याचा दुसऱ्या तांबडीचा डाग होता, त्याच्याकडे एक मुंगी फिरकलेली नव्हती. तू वाकून दोन्ही डाग निरखलेस. मग आत गेलास आणि होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या काढून आणल्यास.

काय मजा केली आपण त्या दिवशी. कठड्यावर एकेका वाईनचे थेंब टाकले, खडूने खाली खुणा केल्या आणि ऊन खायला सोडून दिले. थेंब वाळल्यावर तू बोट लावून बघत होतास, कुठला चिकटतो, कुठला नुसताच डाग. पोर्टवर मुंग्या तुटून पडल्या. एका पांढरीवर बऱ्याच आल्या, दुसऱ्या पांढरीवर एकही नाही. तांबड्यांचंही तसंच. रंगाचा काडीचा संबंध नव्हता. तू मुंग्यांना नावं ठेवून कोण पुढे कोण मागे ते मोठ्याने सांगत होतास, आणि आतून वहिनीने विचारलं की बाहेर काय चाललंय, तर म्हणालास, गजा प्रयोग करतोय.

मग तुझ्या लक्षात आलं. "म्हंजे मी एवढे म्हयने साखर पीत होतो?" मला वाटलं आता तू उठून मला वाडीबाहेर काढशील. तू हसायला लागलास. हसता हसता तुला ठसका लागला, वहिनी पाणी घेऊन धावत आली, आणि काय झालं विचारल्यावर तू तिला मुंग्या दाखवल्यास. तीही हसली. तिला वाटलं लाडवाचा चुरा सांडलाय.

त्याची उपपत्ती आपल्याला पुढे नाशिककडून आलेल्या त्या मुलीने सांगितली, जी वाईनच्या कारखान्यात नोकरीला होती. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सगळी खाऊ दिली की वाईन कोरडी, मग ती तांबडी असो की पांढरी, पेलाभर वाईनमध्ये पाव चमचासुद्धा साखर उरत नाही. मध्येच थांबवलं की थोडी गोड. पोर्टमध्ये तर अर्ध्या वाटेवर कडक दारू ओततात, यीस्ट मरतं आणि साखर तशीच राहते. आपल्या फुलपात्रात तीन-चार चमचे तरी असणार, म्हणाली. काही ठिकाणी द्राक्षं वेलीवरच सुकू देतात, त्यांची वाईन आणखी गोड. फसफसणाऱ्या वाईनवर ब्रूट लिहिलं असेल तर कोरडी, आणि एक्स्ट्रा ड्राय लिहिलं असेल तर ती उलट ब्रूटपेक्षा गोड. हे ऐकून तू मला म्हणालास, "बघ, तुझ्यासारखी माणसं तिकडे पण हायत."

मी वही शोधत होतो, तेवढ्यात तू तिला म्हणालास की म्हणजे हे नीरा आणि माडीसारखंच. सकाळी उतरवली ती गोड, दुपारपर्यंत आंबट आणि कडक, गोडी गेली कुठे तर नशेत गेली. ती म्हणाली, अगदी तेच. आपण दोघं जन्मभर माडाखाली बसलो, दत्ता, आणि दोघांपैकी एकालाही हे आधी सुचलं नाही.

त्यानंतर तू फक्त कोरडी घेतलीस, तीही कधीमधी, फुलपात्राच्या तळाला जेमतेम. साखर खाली आली. तू म्हणायचास ती कोरडीमुळे आली. मी म्हणायचो ती पोर्ट सुटल्यामुळे आली, आणि संध्याकाळी तू भात बंद केलास त्यामुळे. हे भांडण आपण शेवटपर्यंत भांडलो. मागच्या महिन्यातही तू म्हणालास, गजा, तुझे नियम मी एकदा ऐकले, आता नाय. ते अजून मिटलेलं नाही. मिटवायला तू नाहीस म्हणून मी माघार घेणार नाही. भातामुळेच आली.

पण लाडवांचं राहिलं. तुझ्या भाचीच्या लग्नाला आपण निघालो होतो, आगरदांड्याहून गाडी दिघीच्या बोटीत चढवली होती. वहिनी आणि मनीषा गाडीत बसून होत्या, आपण दोघं कठड्याशी. मनीषा काचेतून ओरडून सांगत होती की बाबांना लग्नात बुंदीच्या ताटापासून लांब ठेवा काका. मी तुला म्हणालो, आज मी वहिनीला सगळं सांगून टाकतो. चूक माझी, आळ तुझ्यावर, हे बरं दिसत नाही.

"राहू दे," म्हणालास. "लाडूचोराला ती जेवायला वाढते. दारूवाल्याला वाढेल का, ते मला बघायचं नाय."

मी गप्प बसलो. तू सांगितलंस म्हणून गप्प बसलो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. गप्प बसणं मला सोयीचंही होतं. आळीतल्या शिकलेल्या माणसाने मित्राला साखर पाजली हे बाहेर यायला नको होतं. नुसता गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. तुझ्या पंचाहत्तरीला मी उभा राहून लाडवांवर विनोद केला. म्हणालो, दत्ताचा वाढदिवस आहे, डब्याला आज सुट्टी द्या. मांडव हसला. सगळ्यांत मोठ्याने तू हसलास आणि मला डोळा मारलास. ते डोळा मारणं मला अजून खुपतं. तू ते खुपावं म्हणून केलं नव्हतंस, म्हणून जास्त.

तेराव्यानंतर मनीषा पनवेलला गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्या ओट्यावर गेलो. वहिनी भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. चष्मेवाली बाई, माझा नियम, पोर्ट, बोंबलाची पिशवी, मुंग्या. तिचे हात चालू होते. एकदाच थांबले.

"दारू?"

"वाईन."

"तेच ते, भावोजी."

मी म्हटलं, हो, तेच. तुमच्या वडिलांना दिलेला शब्द त्याने मोडला तो माझ्या सांगण्यावरून. आणि लाडू त्याने खाल्ले नाहीत. एकही नाही.

ती रागावेल, रडेल, उठून आत जाईल, या सगळ्याची मी तयारी करून गेलो होतो. तिने हातातला वाल सोलून टाकला. मग म्हणाली, "तर मग लाडू कोण खात होतं?"

मी म्हटलं, कुणी नाही, साखर वाईनने वाढली होती.

"साखरेचं नाय विचारत. डबा खाली जायचा. मी डोळ्यांनी बघितलंय."

आणि हे बोलता बोलताच तिचा चेहरा बदलला, दत्ता. कानापर्यंत लाल झाली. या वयात. पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं रडतेय, तर खांदे हसण्याने हलत होते. दुपारी तू झोपलास की ती एक घ्यायची, म्हणाली. एकच. कधी दोन. तिला वाटायचं, आपण घेतो तो एक, बाकीचे तू. डॉक्टरांसमोर तुझं नाव घेतलं तेव्हा तिला भीती होती, आता हा नाही म्हणेल आणि आपण उघड्या पडू. "पण हे हो म्हणाले," ती म्हणाली. "मग मी पण खरंच धरलं."

मी ओट्यावरच हिशोब मांडला. घरात माणसं दोन, डब्यातले लाडू कमी होतात, आणि आपण खात नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याला दुसरं कोण खातंय हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. दवाखान्यात तू माझ्याकडे पाहिलंस, आणि तिच्याकडेही पाहिलं असणारच, मी तेव्हा ते बघितलं नाही. एका 'हो'मध्ये तू दोघांना वाचवलंस आणि मग दोघं मिळून वर्षानुवर्षं तुला हसलो. तू आमच्यात बसून हसलास.

याचे आभार कसे मानायचे ते मला माहीत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, गजा, भाषण नको, फुलपात्र घे.

लिहू का हे, मी वहिनीला विचारलं. लिहा, म्हणाली. पण माझं पण लिहा, नायतर परत त्यांच्यावरच जाईल. म्हणून लिहिलं.

मग तिने विचारलं की ती काय ती, आहे का अजून घरात. पाहुण्यांच्या फ्रिजमध्ये अर्धी बाटली होती, तांबडी, कोरडी, तू गेलास त्याच आठवड्यातली. मी आणली. तिने स्वयंपाकघरातून दोन वाट्या आणल्या, एकीत थोडी ओतून घेतली, नाकाशी धरली, आणि औषध घ्यावं तसा डोळे मिटून एक घोट घेतला. डोळे उघडायला तिला वेळ लागला.

"ह्याच्यासाठी?" ती म्हणाली. "ह्याच्यासाठी माझ्याशी खोटं बोलले?"

मी सांगायला लागलो की ही वेगळी, तुला आवडायची ती दुसरी, हिच्यात यीस्टने सगळी साखर खाल्लेली असते. ती माझं ऐकत नव्हती. आत गेली, साखरेचा डबा आणि चमचा घेऊन आली, वाटीत चमचाभर साखर घातली आणि ढवळत बसली.

मी तोंड उघडलं, दत्ता. खरंच उघडलं होतं. आणि मिटलं.

तिने परत एक घोट घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत. "आता लागते बरी," म्हणाली, आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.